गेन्कोच्या चाळिसाव्याचा कागद

हॅलो?… हो, स्तोयांकाच बोलतेय. जरा मोठ्यानं बोल, चुलीवर उद्याच्या प्रसादाचे गहू उकळतायत… कोण? झोर्नित्सा! अगं बाई!… वेडी की काय, माझ्या प्लामेनशी तुझा संसार मोडला म्हणून मी तुझा आवाज विसरेन?

नाही गं, रडत नाहीये… बरं, रडतेय. उद्या माझ्या गेन्कोला जाऊन चाळीस दिवस, त्याचा चाळिसावा, देव त्याला क्षमा करो, आणि दारावर, गावात लावायला त्याच्या फोटोचा श्रद्धांजलीचा कागद नाही! बेकरीची भिंत, बसथांबा, सगळं रिकामं. चाळीस दिवसांत विसरली त्याला, असंच म्हणतील ना लोक?… हो, छापखाना एक वाजता बंद. ती बाई म्हणते, सगळं मिळून एकच पीडीएफ आणा.

अगं ऐक ना! मजकूर वर्डमध्ये. तिच्याकडे उघडला तर अक्षरांच्या जागी नुसत्या चौकटी! आणि फोटोतला गेन्को गेला दुसऱ्या पानावर, तोही गळ्यापासून खाली… हस, हस. तोही हसला असता.

खाली घालायची घरच्यांची नावं मिन्कोभावजींनी पाठवली, एक्सेलमध्ये!… हो ना, दुःखी माणसांचा तक्ता!… काय? त्यांनीच सांगितलं तुला? मजकूर, फोटो, सगळं तुला पाठवलंय पण?… चोंबडा मेला! देव त्यांचं भलं करो.

आत्ता करतेस? अगं, तू कामावर ना?… हो, हो… धरते फोन…

आला! थांब, चष्मा… अगोबाई, एकाच पानावर! फोटो वर, मजकूर खाली… छापखान्यातही असाच दिसेल? काही हलणार नाही?… नक्की ना?

पोरी, कसे उपकार फेडू गं तुझे? पोटचा पोरगा ‘बघतो’ म्हणाला आणि चार दिवस बघतच बसला. तू दहा मिनिटांत माझी लाज राखलीस… नाही, बोलू दे मला. दुसरं आहे काय माझ्याकडे तुला द्यायला?

वाचते हं… पत्नी स्तोयांका, मुलगा प्लामेन, नात इवेता, भाऊ मिन्को…

झोर्नित्सा, तुझं नाव कुठाय?… तक्त्यात नव्हतं? खड्ड्यात गेला तक्ता!… गप्प बस. गेन्कोच्या आजारपणातल्या नर्सनं सांगितलंय मला सगळं. दर रविवारी मी चर्चला गेले की वार्नाहून बसनं कोण यायचं? त्याला सूप कोण भरवायचं?… आम्हा दोघींची गाठ नको म्हणूनच ना ती वेळ साधायचीस? कळतं मला.

आता बदलता येत नाही? मग मूळ कागदात घाल आणि पुन्हा कर ते पीडीएफ… प्लामेनला मी बघून घेईन.

‘माजी’ कशाला? गेन्कोनं कधी म्हटलं होतं तुला माजी? ‘सून’ लिही. माझ्या नावाच्या खाली, प्लामेनच्याही आधी… रड नंतर! पाऊण वाजला… ठेव, ठेव फोन!