चौथा वक्ता आणि न मोडलेलं टेबल

मी केलेल्या खुर्चीत विराजमान झालेले सन्माननीय अध्यक्ष, मी ठोकलेल्या व्यासपीठावर निर्धास्त बसलेले मान्यवर, मी बसवलेल्या दारातून आत आलेले श्रोतेहो, आज निवृत्त होणारे आमचे सर, आणि पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी,

सुतार भाषणाला कसा उभा राहिला, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतोय. या धर्मशास्त्र विद्यालयात मी खिडक्या दुरुस्त करायला आलो, सरांच्या संध्याकाळच्या वर्गात मागे टेकलो, तो टेकलोच. पदवी नाही माझ्याकडे. कान आहेत, आणि ते तासून घेतलेत.

सर काय शिकवायचे? मत्तय, मार्क आणि लूक, ही येशूची कथा सांगणारी तीन शुभवर्तमानं शेजारी शेजारी ठेवून वाचा. प्रसंग बरेचसे तेच, कित्येकदा शब्दही तेच. मार्काच्या मजकुरात एके ठिकाणी मध्येच येतं, ‘वाचणाऱ्याने समजून घ्यावे’. मत्तयातही नेमकं तिथेच. सर विचारायचे, “दोन माणसांना एकाच वाक्यात, एकाच जागी खोकला येतो का हो?” म्हणून बहुतेक अभ्यासक मानतात की मार्क आधीचा, बाकी दोघांनी तो समोर ठेवला. आणि मार्कात नसलेली, पण त्या दोघांत सारखी असलेली वचनं? ती आता हरवलेल्या एखाद्या स्रोतातून आली असावीत.

आज माझ्याआधी तीन वक्ते बोलले. तिघांनीही काय सांगितलं? वर्गात सरांनी हात आपटला आणि टेबल मोडलं! ग्रंथपालांनी थोडक्यात, अडखळत सांगितलं. खजिनदारांनी तेच घेतलं, वर दुरुस्तीचा खर्च घातला. माजी विद्यार्थिनीने तेच घेतलं, वर रडणारी मुलं घातली. “पेला मात्र तसाच राहिला, बरं का” हे तिघांचं एकाच जागी. आणि टेबल तिघांचंही सागाचं. अहो, अक्रोडाचं आहे ते! चूकसुद्धा उतरवून घेतलीत?

मग वहिनी धावत आल्या आणि “आधी चष्मा शोधा, माणूस सापडेल” म्हणाल्या, हे ग्रंथपालांकडे नसलेलं वाक्य बाकी दोघांकडे कुठून आलं? वहिनी, पदराआड हसू नका.

काय म्हणताय? “मी त्या दोघांनाच सांगितलं होतं हो, चहा पिताना!”

ऐकलंत? हरवलेला स्रोत पहिल्या रांगेत सापडला.

योहानाचं चौथं शुभवर्तमान बरंचसं निराळ्या वाटेने जातं. मी चौथा वक्ता आहे. तर ऐका: टेबल मोडलं नाही. दार अरुंद, म्हणून वरची फळी मी खिळ्यांऐवजी पाचरींवर बसवली होती, सोडून आत नेता यावी अशी. त्या दिवशी एक पाचर जागेवर नव्हती, म्हणून फळी नुसती निसटली. कुठे होती? सरांच्या जाडजूड कोशात, खूण म्हणून!

“अहो मिस्त्री, खुणेला अगदी बेताची होती ती!”

सर, ती टेबलाच्या बेताची होती.

हसताय काय? या किश्श्यावर विसंबून समितीने उद्या टेबल भंगारात काढायचं ठरवलंय. खजिनदारांनी लोखंडी मागवूनही टाकलंय. भंगारात लाकूड नाही जाणार, माझं नाव जाणार. पुष्पगुच्छ आणि पाण्याचा पेला ठेवलाय ना, ते तेच टेबल. पाचर सकाळीच बसवलीय. सर, या. आपटा हात. लाजू नका, जोरात!

...

पेला तसाच राहिला, बरं का. आणि टेबलही.

अध्यक्ष म्हणतायत, “राहू द्या हो ते टेबल इथेच.” तीनशे माणसांनी ऐकलंय, आता ह्याच्या तरी चार वेगळ्या कथा करू नका.

सर, तुम्ही मला शेजारी शेजारी ठेवून बघायला शिकवलंत. आता जोडणीत फट आणि बोलण्यात खोट, दोन्ही लगेच दिसतात. तुमचे आणि सभेचे मनापासून आभार. जिभेकडून काही अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला. हाताकडून झालेलं नाही.

बसता बसता एक. दुपारी खजिनदार मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, “मिस्त्री, आज टेबलाचं काही काढू नका, नव्या बाकांचं सगळं काम तुमचं.” मी नको म्हटलं.

चौऱ्याऐंशी हजारांचं काम होतं.