पाळण्याखालचा फोन

नाही, पण मी म्हणते, माझ्या मनात काही वाईट होतं का? आठ महिन्यांच्या पोरीला घरी ठेवून गाणी ऐकायला गेले, कबूल! सासूबाईंना 'कारखान्यात जादा काम आहे' असं धडधडीत खोटं सांगून गेले, तेही कबूल! पण गेले ती काय मजेत गेले? अहो, मी चप्पल घालत होते आणि पोरीनं नुसती जांभई दिली, तर मी एका पायात चप्पल घेऊन पाळण्याशी परत पळाले. जांभई हो! आता मला सांगा, जांभई देणाऱ्या लेकराला टाकून जायचं, ही काय आईची लक्षणं?

तुम्हाला सांगते, सगळं त्या ओव्हरलॉकवालीमुळे झालं. मी शर्टाच्या कॉलरी शिवते, ती माझ्या मागच्या मशीनवर बसते. तिचा दीर लोकगीतांच्या मंडळात ढोल वाजवतो, त्यानं पास दिले. मग काय! 'चल गं, जन्मभर बाळंतीणच राहणार आहेस का?' काजवाली तयार, इस्त्रीवाली तयार, मी म्हटलं, अगं पण सासूबाई... तर म्हणे, 'खरं सांग की त्यांना!' खरं! हिचं काय जातंय? आमच्या सासूबाई नाही म्हणत नाहीत हो, कधीच नाही. त्या म्हणतात, 'जाऽऽऽ की!' आणि तो 'जा' इतका लांब असतो, की त्याच्या टोकाला पोचेपर्यंत माणूस मुकाट्यानं घरात परत आलेलं असतं.

बरं, खोटं बोलले तरी बंदोबस्त चोख केला. हे दुसऱ्या पाळीला. ह्यांचा जुना फोन पाळण्याखाली ठेवला, माझ्या फोनवरून त्याला लावला, आणि तसाच चालू ठेवून निघाले. एका कानात वायर. म्हणजे पोरगी कुरकुरली की मला तिथं कळणार! आणि पाळण्याखालचा फोन ठेवला मोठ्या आवाजावर, म्हणजे मी तिथूनच 'शूऽ शूऽ, माझी बाय ती' करणार. डोकं बघा कसं चालवलं! सासूबाईंना म्हटलं, फोन चार्जिंगला लावलाय, हात लावू नका.

चौथी रांग. सगळा हॉल बासरी ऐकतोय आणि मी पोरीचा श्वास ऐकतेय. फूऽस... फूऽस... इस्त्रीवाली म्हणते, 'हिला बघा, डोळे मिटून कशी तल्लीन झालीय!' आणि मग तो दीर उठला. तुम्हाला सांगते, तो माणूस ढोल वाजवत नाही, ढोलाशी जुनं भांडण मिटवतो! श्वास ऐकू येईना. मग मी काय केलं? वायर काढली. म्हटलं, एकच गाणं. मग दुसरं. तिसऱ्याला मी उभी राहून टाळ्या वाजवत होते, आणि खोटं कशाला सांगू, आपल्याला एक पोरगी आहे हे मी साफ विसरले होते! कसं हलकं हलकं वाटत होतं हो... हलकं! ही काय आईची लक्षणं?

तेवढ्यात गाणारी बाई माईक घेऊन खाली आली. 'सासू माझी कशी गं, सासू माझी कशी?' असं म्हणत एकेकीपुढे माईक धरायचा, आणि तिनं पुढचं जुळवून द्यायचं. काजवाली म्हणाली, 'दारामध्ये मांजर जशी!' हशा. मग माईक माझ्यापुढे. मी कोण? तर सुपरवायझरला 'पाणी पिऊन येते' म्हणताना जिची जीभ टाळ्याला चिकटते, ती! आणि माझ्या तोंडून निघालं...

'चहामधली माशी जशी!'

हॉल कोसळला! बाई म्हणते, 'वा गं माझी वाघीण! पुन्हा!' पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं! मग तिनं सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. चारशे माणसं, ढोलासकट, माझ्या सासूला चहातली माशी म्हणतायत! आणि सासू कोण? जी माझ्याआधी उठून पोरीची दुपटी धुते ती! ही काय सुनेची लक्षणं?

खाली बसले, घाम पुसला, म्हटलं बघू तरी लेक काय करतेय. वायर कानात घातली. रडणं नाही. श्वास नाही. नुसता सासूबाईंचा आवाज, अगदी शांत, अगदी जवळून...

'कॉलरी झाल्या का शिवून?'

अहो, मी फोन बंदच करून टाकला! तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. माझं 'शूऽ शूऽ' तिकडे जाणार, तर ढोल आणि माशी जाणार नाही का? कार्यक्रम अर्धा टाकून पळत सुटले.

घरी पोचले तर पोरगी सासूबाईंच्या मांडीवर, नाक लाल, डोळे सुजलेले, रडून रडून घसा बसलेला.

'ढोलानं उठली,' सासूबाई म्हणाल्या. 'मला वाटलं, घरात मिरवणूक कुठून शिरली? वाकून बघते, तर पाळण्याखाली तू! तुझा आवाज आला तशी ही गप्प झाली. तू माशी म्हणालीस की ही खुदकन हसायची. आणि फोन ठेवलास, तेव्हापासून टाहो फोडलाय.'

'आई, चुकलं हो माझं, मी खोटं सांगून...'

'ते राहू दे. आधी हिला झोपव.'

थोपटलं, खांद्यावर घेऊन फिरले, येतील तेवढ्या अंगाया म्हटल्या. छे! सासूबाई भिंतीला टेकून बघतायत.

'ते म्हण.'

'कुठलं, आई?'

'माहितीये तुला.'

काय करता? मान खाली घातली आणि म्हटलं. दुसऱ्या ओळीला पोरगी झोपली हो!

महिना झाला त्याला. आता दुसऱ्या कशानं डोळा मिटत नाही तिचा. त्या खोट्याबद्दल सासूबाई मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, तुम्हाला सांगते, एका शब्दानं नाही! बोलल्या असत्या तर सुटले असते. त्या रोज पाळण्याशेजारी येऊन बसतात, आणि माझा आवाज जरा खाली आला की म्हणतात, 'मोठ्यानं म्हण गं बाई. माईकवर बरी म्हणत होतीस.'