ओरखडा नाही हो एक!

...आणि वर हे मलाच विचारतात, "गाडीच्या जाहिरातीत काय लिहू?" म्हटलं, लिहा की, 'बायकोपेक्षा जास्त जपलेली'! तर कपाळाला आठ्या! खोटं आहे का? तुम्हाला सांगते, महायुद्धानंतर चार-पाच वर्षांनी अमेरिकेत बनलेली गाडी, सासऱ्यांनी घेतलेली, पुढे दात विचकल्यासारखी चकचकीत जाळी, आणि सीट एवढी ऐसपैस की अख्खं बिऱ्हाड मावेल... मावेल म्हणतेय, कारण मावलेलं बघितलंय कुणी? लग्नाला एकतीस वर्षं झाली, दर रविवारी आमचे हे तिला मऊ फडक्याने पुसणार, पाच मिनिटं इंजिन चालू करून कान देऊन ऐकणार, बंद करणार, कव्हर घालणार. "ओरखडा नाही हो एक!" आणि माझ्या हातावर तव्याचे चटके किती, ते मोजलेत कधी?

मला एकच हवं होतं हो. एकदा, फक्त एकदा आत बसून कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचं! नवी नवरी असताना म्हटलं, तर "पावसाळा संपू दे." मग "उन्हाने रंग उडतो." मग "तुझ्या बांगड्या लागतील दाराला." बांगड्या काढून उभी राहिले, तर म्हणे, "आणि केसांतल्या पिना?"

आता ह्यांचे गुडघे गेले, वाकून पुसवत नाही, म्हणून विकायला काढली. पहिला आला दातांचा डॉक्टर. "मुलींना शाळेत सोडायला नेईन." मुली? शाळा? चहासुद्धा न देता वाटेला लावला! मग आले एक रिटायर हेडमास्तर. बिचारे लाजत लाजत म्हणाले, "बायकोला फिरवीन म्हणतो." हे ओरडले, "बायकोला? हिच्यात?" आणि मी तिथेच उभी, हातात ट्रे! अस्सा राग आला म्हणता... वाटलं, सांगावं मास्तरांना, गाडी घ्या आणि मलाही मागे बसवा!

शेवटी एक बिल्डर आला. म्हणाला, "चालवणार नाही. ऑफिसात काचेमागे ठेवणार." ह्यांचे डोळे भरून आले हो! मला कानात म्हणतात, "स्थळ चांगलं आहे."

काल ट्रक आला. चालू करून चढवायची नाही, मीटरचा आकडा वाढेल! दोरीने ओढायची, तीही उलटी, म्हणजे आकडा वाढत नाही म्हणे! पण स्टिअरिंग धरायला कुणीतरी आत हवं. ट्रकवाला दोरी सांभाळणार, आणि हे? फाटकाला घासते का बघायला बाहेर! इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मेलेल्या आवाजात म्हणाले, "अगं... तूच बस."

बसले! एकतीस वर्षांनी! काय मऊ सीट हो, काय ते मोठ्ठं स्टिअरिंग... गॅरेजपासून ट्रकपर्यंत, मोजून पंधरा फूट, तेही मागे मागे. घर पुढून लांब लांब जात होतं आणि माझ्या डोळ्याला धार लागली. ट्रकवर पोचले, तर खालून ह्यांची आरोळी, "ओरखडा नाही ना गं? आणि चपला? चपला काढल्यास ना?"

असं उत्तर देणार होते ना, की गल्लीने ऐकलं असतं! तोंड उघडलं, खाली पायाकडे बघितलं... आणि काय सांगू तुम्हाला, काढल्या होत्या हो मी. कुणी न सांगता. गॅरेजच्या दाराशी, जोडून ठेवल्या होत्या.