हिवरखेडच्या बाजारातला भगत

...अन् वरून साहेब म्हन्ते, "खुशालराव, तुमच्यासारखा भगत साऱ्या जिल्ह्यात नाई!" आता याले शाबासकी म्हनाव का शिवी? मी अकोल्याच्या आरोग्य हापिसातला कारकून, टपाल फोडनारा मानूस! मी काय अर्ज केल्ता का बाप्पा, मले भगत करा म्हनून?

झालं असं, तुमाले सांगतो. त्रेसष्ट साल. देवीचा रोग गावोगाव लेकरं खाऊन राह्यला होता. साहेबानं आमाले बोलावलं, म्हने, "नुसतं भाषन देलं तं लोक उठून जाते. नाटक करा! नाटक झालं का तिथंच टेबल मांडू अन् लेकरायले टोचू." कल्पना चांगली, नाई कोन म्हन्ते? गोष्ट सोपी. पोराले देवी निंघते, भगत येते, अंगारा लावते, पोराचे डोये जाते, मंग डाक्टर येते अन् साऱ्यायले अक्कल शिकवते. डाक्टर कोन? तं आमचे देवराव मास्तर. अन् भगत मी. काहून? तं माहा आवाज मोठा! हापिसात चपराशाले हाक मारली का टेसनावर आयकू जाते म्हने!

आता देवराव मास्तर चांगला मानूस, पन टेजवर खांबासारखा उभा! "बंधू-भगिनींनो, रोगप्रतिबंधक लस ही..." एवढं म्हटलं का लोक भुईमुगाच्या शेंगा फोडाले लागत. कटाक, कटाक! अन् मी आलो का? दाढी लावून, घुमत, "हूंऽऽऽ! कोन हाय रे घरात! आधी कोंबडा आन, मंग ताप पाह्यतो!" लोक हसून हसून आडवे! बाया पदर तोंडात कोंबत. मंग मानसाले चढते का नाई? मी रोज एक नवी गंमत टाको. होता होता भगत झाला अर्ध्या घंट्याचा अन् डाक्टर राह्यला पाच मिंटाचा. लोकायले हसवाले सांगतलं, मी हसवलं. तुमीच सांगा, माहं काय चुकलं?

तं हिवरखेडचा बाजार. भर दुपारी, शायेच्या ओट्यावर आमचं नाटक. अशी गर्दी का, झाडावर मानसं! नाटक सरलं, टेबल मांडलं. पयले कोन आलं? तं गावातला बुधाजी. आपले चार लेकरं रांगेत उभे केले अन् म्हने, "टोचा साहेब! आमी भगत-बिगत सारं छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली तवाच सोडलं." त्याच्या मांगं सात-आठ जन आले. बाकीचे? बाकीचे माह्याभोवती!

त्यात होती मानिकबाई. कापूस येचाले जानारी बाई, नवरा मेलेला, काखेत तान्हं पोट्टं अन् हाताशी सा वर्साची पोट्टी, शकुन. बाईनं पोट्टीले सरळ माह्या पायावर घातलं. "महाराज, गावात माता आली हाय. माह्या लेकरायवर ध्यान ठेवा."

म्या म्हटलं, "अवो बाई, मी सरकारी मानूस. नाटक होतं थे!"

तेवढ्यात शकुननं काय कराव? हात वर केला अन् माही दाढी ओढली! "माय, खोटी हाय वो!" खुदूखुदू हसे. साऱ्यात शहानी थेच होती, तुमाले सांगतो... मायनं तिच्या हातावर चापट मारली. लोक हसले. इकडं आमचा जीपवाला पोंपों करून राह्यला. अन् मले आली लहर! म्या डोये फिरवले, "हूंऽऽऽ! माते, या लेकराच्या वाट्याले जाऊ नोको!" अन् चायवाल्याच्या चुलीतली राख पोट्टीच्या कपायाले फासली. टाया पडल्या! फक्त मानिकबाई हसली नाई. तिनं हात जोडले अन् लेकरायले न टोचताच टेबलाच्या बाजूनं निंघून गेली. म्या पाह्यलं. मले वाटलं, येईन मांगून. जीप निंघाली. गंमत केली होती जी... तुमीच सांगा, माहं काय चुकलं?

दोन मयन्यानं पुन्हा हिवरखेड. म्या इचारत इचारत मानिकबाईचं घर गाठलं. दाढी नाई, टोपी घातलेली. दारात म्हटलं, "बाई, हाय का घरात?"

अंदरून आवाज आला, "माय, दाढीवाला आला!"

शकुन खाटेवर बसेल होती. तोंडभर देवीचे वन. डोये... दोन्ही गेले होते. पोट्टीनं हात लांब केला, माही हनुवटी चाचपली अन् म्हने, "आज दाढी नाई लावली?"

म्हटलं, "नाई लावली, माय."

"मंग थो आवाज काढा ना!"

आता तुमीच सांगा... काय कराव मानसानं? म्या काढला. "हूंऽऽऽ!" पोट्टी हसली. तशीच, खुदूखुदू. अन् मानिकबाई माह्या पाया पडली! "महाराज, तुमच्या अंगाऱ्यानंच वाचली. डोये गेले, पन जीव तं राह्यला!"

म्या रडत सांगतलं, "बाई, चुलीतली राख होती थे! मी खोटा मानूस हाव!" तं बाई म्हन्ते, "मोठ्या मनाचे लोक असंच म्हन्तेत." घ्या! आयुष्यात एक डाव खरं बोललो, तं थे कोनाले पटत नाई!

तान्हं अजून टोचेल नव्हतं. देवराव मास्तरानं समजावलं, टोचनाऱ्या खऱ्या डाक्टरनं समजावलं. बाई हालत नाई. शेवटी म्याच डोये फिरवले, "हूंऽऽऽ! पोराले सुई टोचून घे, माता खूश होईन!" अन् बाई पयतच टेबलाकडं गेली.

याले जीत म्हनाव का काय म्हनाव? साहेब म्हने, वा! मले मातर त्या दिवसापासून टेजवर उभं राहवलं नाई. चुकलं, बाप्पा. माहंच चुकलं.

आता मी टेबलापाशी बसतो. लेकरायचे दंड धरतो, डाक्टर टोचते. लेकरं मले पाह्यलं का भोकाड पसरते. साहेब म्हन्ते, "खुशालराव, तुमी एवढे गमतीचे मानूस, थोडंसं हसवा ना यायले!"

मी म्हन्तो, राहू द्या साहेब. रडू द्या पोट्ट्यायले... मले पाहूनच रडून राह्यले ना? म्हनजे डोये शाबूत हायत.