हेडक्लार्क यांचे मार्फत

मुरबाडच्या एसटी स्थानकावर कल्याणच्या गाडीच्या रांगेत माझ्यापुढे एकाच कार्यालयातले दोन कारकून उभे होते. वयस्क देवजी आणि तरुण दिपेश.

“मला सायबांना भेटायचं तर अर्ज, त्यावर ‘हेडक्लार्क यांचे मार्फत’. आन ती रेश्मा, आपल्यासारखीच कारकून, थेट केबिनमध्ये!”

“सायबच बोलावतात तिला, देवजीकाका.”

“वीस वर्षांत मला नाय बोलावलं.”

“बोलावलं की, पंखा बंद करायला.”

“हस तू. आज तिच्यावर तक्रारच लिवून टपालाच्या कपाटात ठेवलीय.”

“मार्फत?”

“मार्फतच. नियम मोडणारा मी नाय.”

“फळ्यावरची नोटीस वाचली नाय तुमी? उद्यापासून हेडक्लार्क रेश्माच.”

“...माझी जागा धर रे. त्या कपाटाची चावी कोणाकडं असते?”

“हेडक्लार्ककडं. संध्याकाळीच दिली तिला.”