शिस्टरची बदली रद्द करा

...तर पेटी किती? एक. अकरा वर्सं राहिली बाई आमच्यात, आन् निघाली तर एका हातात पेटी, दुसऱ्या हातात छत्री. तुमाला सांगतो, आमी ऊसतोडीला पाच महिन्यांसाठी जातो तर टेम्पोत कोंबड्यासुद्धा बसतात. आता ह्याच्यावर मी तिला काही बोललो का? मी काय भांडखोर मानूस न्हाई. भावसिंग माझं नाव, नरसीच्या अलीकडं आमचा तांडा, इचारा कुनालाबी.

शिस्टर म्हंजे शिस्टर रोझलिन. चर्चच्या शाळेत गणित शिकवायची, मागं पोरींचं वसतिगृह हाये, तेबी तीच बघायची. गावात चर्चची घरं मोजून सात. शाळा सुटली की त्या सात घरी जायची, कुनी आजारी असंल, कुनाचं मानूस गेलं असंल, तेच्याजवळ बसायची, आन् मंग स्कूटी आमच्या तांड्याकडं. आमी काय तेंच्या धर्माचे? आमी बंजारा, आमच्या देवळावर पांढरा झेंडा. पन ती यायचीच. बाई केरळची, मराठी शिकली तांड्यात, म्हनून बोलायची आमच्यासारखीच... "काहून ओरडून राहिले, भावसिंग?" मी कुठं ओरडून राहिलो होतो, माझा आवाजच तसा हाये.

माझी माय, भिकाबाई, शेवटचे दोन महिने अंथरुनावर होती. पाठीला जखमा झालेल्या. सुना नाकाला पदर लावायच्या, आन् खोटं काहून बोलू, मीबी दारातूनच इचारायचो, माय, बरं हाये का. शिस्टर रोज यायची, कोमट पान्यानं पुसायची, मलम लावायची, आन् नुसती बसायची. मी म्हनलो, शिस्टर, तुमची काही प्रार्थना असंल तर म्हना. तर म्हनली, "आधी तेंचं ऐकते." मायनं कवाचं तरी लग्नातलं गानं धरलं, अर्ध्यात इसरली... पुढचं शिस्टरनं म्हनलं. आमच्या बोलीत! मायनंच शिकवलेलं. मला येत नव्हतं ते. लाज वाटली मला, सांगतो तुमाला.

आन् तिथंच, मायच्या उशाशी, तिनं माझ्याकडून शब्द घेतला. माझी मिना तवा आठवीत. आता ऊसतोडीत एका कोयत्याला दोन मानसं लागतात, एक तोडनारं, एक मोळी बांधनारं, बायकोची कंबर धरलेली, मंग जोडीला कोन? मिनाच की. शिस्टर म्हनली, "दहावीची परीक्षा होईस्तोवर मिना वसतिगृहातच राहील. म्हना व्हय." मायसमोर न्हाई कसं म्हनू? म्हनलो व्हय.

आन् मिना दहावीत गेली, तेच जूनमधी शिस्टरची बदली. आता मास्तरनीची बदली झाल्यावर मानूस जातो कुठं? जिल्हा परिषदेत. अर्ज लिहिला, 'शिस्टरची बदली रद्द करा', खाली तांड्याच्या चाळीस सह्या आन् अंगठे, जीप भरून हिंगोलीला गेलो. साहेबांनी यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. "भाऊ, ह्या बाई आमच्याकडं नाहीतच. बदली आम्ही केलीच नाही, तर रद्द काय करू?" मी म्हनलो, मंग आधी करा, आन् मंग रद्द करा! शिपायानं मला हाताला धरून बाहेर आनलं, पानी पाजलं. मी काय भांडखोर मानूस न्हाई, पन तुमीच सांगा, अर्ज द्यायचा कुनाला?

तिथून फादरकडं. फादर म्हनले, "त्यांच्या मोठ्या मदरची चिठ्ठी आली. चिठ्ठी आली की जायचं असतं." मंग शिस्टरकडंच गेलो. पेटी भरून राहिली होती.

"तुमाला जायचं हाये का?"

"न्हाई."

"मंग?"

"मंग जायचं." डोळे पुसले तिनं. "बाविसाव्या वर्षी शब्द दिला, भावसिंग, जिथं धाडतील तिथं जाईन. एक शब्द तुमीबी दिला हाये."

गेली. दुसऱ्याच दिवशी मेव्हना बाबूसिंग हजर... "दाजी, जिला शब्द दिला तीच गेली. सुटले तुमी!" आन् खरं सांगू? माझ्या मनातलंच बोलला तो. दसऱ्याच्या आधी गेलो वसतिगृहात, मिनाला आनायला.

नवी शिस्टर झारखंडची, वय काय असंल, पंचवीस. मराठी धड येत न्हाई. मी अर्धा घंटा बोललो. बायकोची कंबर सांगितली, मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे सांगितले, आवाज जरा चढला असंल.  तिनं मंग एक वही काढली. रोझलिन शिस्टरचं अक्षर, घरागनिक एक पान. माझं पान काढून बोट ठेवून वाचाया लागली. "भा-व-सिंग. मिनाला न्यायला येतील. खूप भांडतील. भांडू द्यावं. आईच्या आठवनीनं रडू येतं तेंना, ते लपवायला ओरडतात. चहा द्यावा, साखर जास्त."

चहा समोर आलेलाच होता.

मी म्हनलो, शिस्टर, हे काय लिहिनं झालं? मी काय भांडखोर मानूस न्हाई...

तर तिनं बोट खालच्या ओळीवर नेलं. "'मी भांडखोर मानूस न्हाई' असं म्हनतील. म्हंजे समजावं, भांडन संपलं. मिना इथंच राहिली."

प्यालो मंग चहा. साखर बराबर होती.

आता कोयत्याला जोडीदार पाहून राहिलो. तुमच्यात कुनी असंल तर सांगा.