दोन व्हॅक्यूम आणि सासूबाईंची फरशी

हॅलो?… हां ताई, बोल… नाही गं, शिवत नाहीये. जमिनीवर बसलेय, सासूबाईंच्या शेजारी. दोघी एका डब्याकडे बघत बसलोय!

अगं, व्हॅक्यूमचा डबा… तुला घ्यायचाय ना? मग ऐक. दोन आणून बघितले, दोन्ही बिनपिशवीचेच. एक शेजारणीचा, काठीसारखा, बिनवायरचा. दुसरा नळीवाला, दुकानदाराने चार दिवस वापरून बघा म्हणून दिलेला…

हो, डॉक्टरांमुळेच. सासूबाईंचा खोकला कापडाच्या धुळीचा, म्हणाले. धूळ तरी हटवा, नाहीतर शिलाईकाम तरी… हो ना.

आणि आमच्या सासूबाई! पहिल्याच दिवशी स्वतः झाडलं, दोनदा पुसलं, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "आता शोध कण!"… हसू नकोस.

आधी काठीवाला फिरवला. गालिच्यावर झकास. फिरता ब्रश आत घुसून केस, दोरे उपटून काढतो… हो, पण ते दोरे ब्रशलाच गुंडाळतात, कात्रीने कापत बसा. आणि फरशीवर मुद्दाम टाकून बघितलेले मणी पार कपाटाखाली उडवले मेल्याने!

मग त्याच जागेवर नळीवाला… अगं त्याच! नुकत्याच साफ केलेल्या! ताई, डबा पारदर्शक आहे, आत धूळ वावटळीसारखी गरगरते. फरशीच्या सांध्यांत कापडाची धूळ नि माझ्या खुणा करायच्या खडूची पूड बसलेली, किती वर्षांची कोण जाणे. मला वाटायचं सांधे राखाडीच आहेत… पांढरे निघाले! शप्पथ!

किती म्हणजे? अर्धा डबा! पिठासारखी मऊ. हात लावायचा धीर होईना.

सासूबाई? हळूच म्हणाल्या, "एवढं आपल्या छातीत जात होतं?"… कापड माझं, छाती त्यांची…

हवेची ओढ? हो, आतली जाळी तुंबली की कमी होते. झटकून लावली की पुन्हा तशीच.

खोकला… आत्ताच काही बोलत नाही. पण काल दुपारी सलग दोन तास झोपल्या. मी तीनदा दारातून बघून आले, श्वास चालू आहे ना म्हणून!

नाही, मशीनचं… थांब, जरा दारापाशी येते… तुला सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही. शिलाई मशीन विकायला काढलंय. उद्या एकजण बघायला येणार आहे… अगं, करणार काय होते मी? त्यांचा जीव…

थांब. त्या उठल्या. ऐकलं वाटतं… अगंबाई, नळी घेतली हातात… नाही, रागावलेल्या नाहीत… शिलाई मशीनखाली शिरल्यात, गुडघ्यांवर! या वयात!

काय आई?… आत्ता?… हो, हो, आधी त्या नळीवाल्याचं बटण तर बंद करा, काही ऐकू येत नाही!… ताई, "तो फोन ठेव," म्हणतायत… "त्या माणसाला लाव, मशीन विकायचं नाही म्हणून सांग"… हो आई, लावते… अगं, मी कुठे रडतेय? ठेव… ठेव गं तू आधी!